पाच मिनिटं

उदगीरच्या मोंढ्यात एकतीस वर्षं
मी काटे दुरुस्त करायलोय.
तूर असो, हरभरा असो, अडत्याची दानत असो,
पारडं कुणीकडं झुकतंय ते मला बसल्या जागी कळतं.
म्हणून सांगतो, चढावर जे छातीवर येऊन बसतं
ते वीस किलोचं माप आहे. गुंजभर कमी नाही.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुखणं कसलं आहे?
म्हणालो, सरकारी शिक्का मारलेलं.

त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

गुंडू, तू दुकानात असतोस, म्हणून ऐकून ठेव.
ती इवलीशी गोळी गिळायची नसते.
जिभेखाली. आणि आधी बसायचं.
मी उभ्यानं घेतली होती एकदा,
अख्खा मोंढा कलला डोळ्यांपुढं, पोत्यांसकट.

एप्रिलात पत्र्याखाली भट्टी पेटते आपल्या,
शर्टाच्या खिशात गोळी मरून जाते,
आणि मेलेली गोळी जिवंत गोळीसारखीच दिसते.
म्हणून ती तिथं आहे, लाकडी पेटीत, भिंतीच्या गार अंगाला,
पन्नास ग्रॅमच्या मापाशेजारी.
औषधवाले युनूसभाई कात्रीनं पत्ता कापतात,
तारीख त्यांच्या अर्ध्यात राहते.
मी म्हणतो, भाई, तारखेकडचं अर्धं मला द्या,
बिनशिक्क्याचं माप मी घेत नसतो.

श्रावणात बरं वाटायला लागलं.
जिना चढलो, काही नाही. कमानीपर्यंत गेलो, काही नाही.
मग सकाळची गुलाबी गोळी, ठोक्यांना लगाम घालणारी,
मीच बंद केली. कुणाला विचारलं नाही.
एका पारड्यातलं वजन झटक्यात उचललं
की दुसरं आपटतं,
हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना?
चौथ्या दिवशी देगलूर रोडवर
दोन्ही हातांनी विजेचा खांब धरून उभा होतो मी.
लोकांना वाटलं, पिलाय.

आणि एक गोष्ट, तुला सांगायची की नाही माहीत नाही.
डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं,
खिडकीकडं बघत विचारलं,
ताकदीची कुठली गोळी घेता का? लाजू नका, जिवाचा प्रश्न आहे.
माझे कान तापले. त्रेसष्ट वय.
पाकिटात होती एक, निळी,
भाच्याच्या लग्नात कुणीतरी हसत हसत दिलेली,
तीन महिने तशीच.
म्हणाल्या, ही आणि जिभेखालची
एका माणसात नांदत नाहीत,
रक्तदाब असा खाली जातो, दोर तुटलेल्या बादलीसारखा.
मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली.
घरी येऊन शिवकांताला सांगितलं.
ती ज्वारी निवडायली होती.
वर न बघता म्हणाली, बरं केलं,
आणि एक खडा सुपाबाहेर टाकला.
मग थोड्या वेळानं, उगाचच,
माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

काल दुपारी आलं ते.
गिऱ्हाईकं तीन. एक म्हणालं गॅस आहे, सोडा पाजा.
एक म्हणालं, जोरात खोका.
तू कुणाशी बोलला नाहीस.
स्टूल सरकवलंस, पेटी उघडलीस.
जिभेखाली मुंग्या आल्या, मग कपाळात हलगी वाजायला लागली,
म्हणजे गोळी जिवंत होती.
तू घड्याळाकडं बघत उभा,
हातात फोन, त्यावर एकशे आठ लिहिलेलं,
अंगठा हिरव्या बटनावर अधांतरी.
पाच मिनिटांत नाही थांबलं तर दाबायचं,
मी नको म्हणालो तरी दाबायचं,
असं ठरलेलं आपलं.

चौथ्या मिनिटाला माप कुणीतरी उचललं.
गिऱ्हाईक विचारायलं, माझा काटा कधी देता?
तू म्हणालास, उद्या.
फोन मांडीवर पुसलास.
अंगठ्याचा घाम तरी काचेवर राहिलाच होता.